पादत्राण कारागीर आणि मज्जातंतूंचा विकार

रुग्णाच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तो ‘मजुरी’ किंवा ‘खाजगी नोकरी’ एवढ्यावरच भरला जातो. ही उणीव आम्हा प्रशासनाची आहे. ती रुग्णास किती महाग पडू शकते, हे सन्माननीय विश्वस्त, देणगीदार व रुग्णांच्या नातेवाइकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

चपला-बुटांचे सोल चिकटविण्याच्या काही सोल्युशनमध्ये एन-हेक्झेन हे द्रावक असते. त्याची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्याने कोंदट खोलीत ती जमिनीलगत साचते. आणि कारागीर काम करतो तो बहुधा जमिनीवर बसूनच. श्वासावाटे शरीरात गेलेल्या हेक्झेनपासून २,५-हेक्झेनडायोन हा विषारी पदार्थ तयार होतो व तो मज्जातंतूंना इजा करतो. सर्वांत लांब तंतूंना प्रथम झळ पोहोचत असल्याने आधी पायांना मुंग्या येतात व बधिरता जाणवते, मग हातांना. पुढे पावलांतील शक्ती जाऊन चालणेही कठीण होते.

जपानमध्ये रक्तास घातक अशा बेन्झिनयुक्त गोंदावर १९५९ साली बंदी आली. त्यानंतर हेक्झेनयुक्त गोंद प्रचारात आला आणि १९६०च्या दशकात घरगुती सँडल-उद्योगातील अनेक कामगारांना हा विकार जडला. मुंबईच्या ठक्कर बाप्पा वसाहतीतही लहान लहान खोल्यांतून पादत्राणे तयार होतात. म्हणून हा अनुभव आपणांस परका नाही.

मधुमेह, अतिमद्यपान किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही अशीच लक्षणे दिसतात. व्यवसाय विचारलाच नाही, तर रुग्ण गोळ्या घेऊन पुन्हा त्याच खोलीत जाऊन बसतो. या विषावर उतारा नाही. संपर्क थांबविणे हाच मुख्य उपाय. संपर्क थांबल्यावरही काही आठवडे ते काही महिने त्रास वाढू शकतो. अशा वेळी कुटुंबीयांनी धीर सोडू नये. त्यानंतर हळूहळू सुधारणा होते. मात्र निदानास फार उशीर झाल्यास काही दुर्बलता कायम राहू शकते.

खेळती हवा, डब्यास घट्ट झाकण, शक्य तेथे पाण्यावर आधारित गोंद आणि निजण्यासाठी वेगळी जागा, एवढी काळजीही मोलाची ठरते.

नातेवाइकांनी रुग्णाचे नेमके काम, वापरातील पदार्थ व कामाचे तास नोंदणीच्या वेळी आवर्जून सांगावेत. आम्हीही ते विचारू आणि लिहून ठेवू. यंत्रसामग्रीसाठी देणगीदारांपुढे आम्ही नेहमीच हात पसरतो. हा रकाना नीट भरण्यास मात्र काहीही खर्च येत नाही.