अर्ध्या अंशाची चूक

पूलच्या टेबलावर पॉकेटसमोर सरळ रेषेत असलेला चेंडू हुकला, की खेळणारा बहुधा म्हणतो, "नेम बरोबर होता, जोर चुकला." प्रत्यक्षात अशा फटक्यात जोराचा फारसा संबंध नसतो. चूक रेषेत झालेली असते, आणि ती इतकी लहान असते की डोळ्यांना दिसत नाही. एवढ्याशा चुकीचा एवढा मोठा परिणाम का होतो, याचे उत्तर दहावीच्या त्रिकोणमितीत सापडते.

चिखली, भोसरी, चाकण या पट्ट्यातील अनेक मुलांच्या घरी कोणी ना कोणी कारखान्यात काम करते. त्यांना 'अलाइनमेंट' हा शब्द नवा नसतो. लेथच्या हेडस्टॉकचे आणि टेलस्टॉकचे केंद्र एका रेषेत नसेल, तर दोन केंद्रांमध्ये धरलेला दंड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक कातला जातो. तेथे चूक जॉबच्या लांबीबरोबर वाढत जाते. पूलमध्ये मात्र एका टकरीत तिचा गुणाकार होतो.

या प्रकारच्या खेळांशी आपले नाते जुने आहे. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानले जाते. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते ठरले. बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल यांचे नियम वेगळे, चेंडूंचे आकार वेगळे. पण टकरीचे गणित एकच.

ते गणित आता करून पाहू. पूलच्या चेंडूचा व्यास सुमारे ५७ मि.मी. असतो. समजा, पांढरा चेंडू आणि रंगीत चेंडू यांच्या केंद्रांत १ मीटर अंतर आहे, आणि पॉकेट त्याच रेषेत आणखी अर्धा मीटर पुढे आहे. क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूच्या बरोबर मध्याकडे आहे, पण क्यू रेषेशी अर्ध्या अंशाने तिरपा आहे. चेंडूपासून सव्वा मीटरच्या आसपास असलेली मूठ सुमारे एक सें.मी. बाजूला गेली, तरी एवढा तिरपेपणा येतो.

पांढरा चेंडू या तिरप्या मार्गाने निघाला, तर त्याच्या केंद्राचा मार्ग रंगीत चेंडूच्या केंद्रापासून १००० × साइन ०.५° म्हणजे ८.७ मि.मी. अंतरावरून जातो. टक्कर होते त्या क्षणी दोन केंद्रांतील अंतर एका व्यासाइतके, म्हणजे ५७ मि.मी. असते. फळ्यावर आकृती काढली की काटकोन त्रिकोण दिसेल: कर्ण ५७, समोरची बाजू ८.७. गुणोत्तर ०.१५३, म्हणजे कोन सुमारे ८.८ अंश. चेंडूंमधील घर्षण सोडून दिले, तर रंगीत चेंडू दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेतच निघतो. पांढरा चेंडू मुळातच अर्धा अंश दुसऱ्या बाजूला वळलेला होता, तेवढा वजा करावा. उरतात ८.३ अंश. अर्ध्या मीटरवरच्या पॉकेटपाशी पोहोचेपर्यंत चेंडू ७ सें.मी.हून अधिक बाजूला गेलेला असतो. चेंडू हुकतो.

लहान चुकांसाठी यातून एक सोपा नियम मिळतो: चेंडूंच्या केंद्रांतील अंतराला व्यासाने भागा आणि १ वजा करा. चूक तितक्या पटीने वाढते. आपल्या उदाहरणात ती साडेसोळा पटींनी वाढली. म्हणूनच जाणकार खेळाडू एक चेंडू घालवताना पांढरा चेंडू पुढच्या चेंडूजवळ जाऊन थांबेल, याचीही काळजी घेतो.

रेष साधली तरी ती फटक्यात टिकवायची असते. फटका मारताना दंड स्थिर ठेवून कोपरापासून पुढचा हात लंबकासारखा हलवतात. कोपरापासून मुठीपर्यंत अंतर ३५ सें.मी. धरले, तर मूठ खालच्या बिंदूपासून १० सें.मी. मागे असताना सुमारे दीड सें.मी. वर असते, २ सें.मी. मागे असताना मात्र जेमतेम अर्धा मि.मी. वर. म्हणजे वर्तुळाकार मार्गाचा तळ जवळजवळ सपाट असतो. टोक चेंडूला लागताना पुढचा हात सरळ खाली असावा, असे सांगतात ते यासाठी. त्याच वेळी मूठ आडवी वळली, तर टोक मध्यावर लागत नाही. चेंडू आडवी फिरकी घेतो आणि क्यूच्या रेषेपासून थोडा ढळतो.

फटक्यानंतर क्यू पुढे जाऊ द्यावा, हा सल्लाही सर्वत्र ऐकू येतो. टोक आणि चेंडू यांचा स्पर्श एक-दोन सहस्रांश सेकंदच टिकतो. नंतर क्यूने काहीही केले तरी चेंडूला ते कळत नाही. मग उपयोग काय? पुढे जाण्याच्या तयारीत असलेला हात स्पर्शाच्या आधी आखडत नाही, आणि मार्ग सरळ राहतो.

स्वतःचा फटका तपासायला एकच पांढरा चेंडू पुरतो. टेबलाच्या मध्यरेषेवरून तो समोरच्या कडेला काटकोनात मारावा आणि क्यू तसाच ठेवावा. चेंडू परत येऊन टोकाला लागला, तर रेष आणि फटका दोन्ही ठीक आहेत.

पूलचे टेबल शाळेत नसते, पण कॅरमबोर्ड असतो. सोंगटी एका जागी ठेवा. खेळाचे नियम बाजूला ठेवून स्ट्रायकर प्रथम २० आणि मग ४० सें.मी. अंतरावरून प्रत्येकी वीस वेळा मारू द्या. समोरच्या चौकटीवर सोंगटी कोठे लागली, त्या खुणा खडूने करा आणि त्यांचा पसारा मोजा. येथे व्यासाऐवजी स्ट्रायकर आणि सोंगटी यांच्या त्रिज्यांची बेरीज घ्यावी. ती सुमारे ३.६ सें.मी. असते. मोजण्यापूर्वी मुलांना विचारा: अंतर दुप्पट केले, तर पसारा दुप्पट होईल, की त्याहून थोडा अधिक? नियमातला तो 'वजा १' कशासाठी होता, हे त्यांना या प्रश्नातून सापडेल.