धनुष्य पकडायचे नाही, पेलायचे!

बुलढाणा : मे 2023मध्ये शांघाय येथे झालेल्या विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेच्या अंतिम लढतीत बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने नेदरलँड्सच्या माईक श्लोसर या जगातील अव्वल धनुर्धराला 149-148 असे नमवले. कंपाउंड प्रकारात प्रत्येकी पंधरा बाण आणि कमाल 150 गुण. म्हणजे पंधरापैकी चौदा बाण दहाच्या वर्तुळात, एक नऊवर आणि विजय अवघ्या एका गुणाचा! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश या त्रिकुटाने दक्षिण कोरियाला हरवून सांघिक सुवर्णपदकही पटकावले. या यशानंतर जिल्ह्यातील अनेक मुलांना धनुष्यबाण खुणावू लागला, तर नवल नाही. मात्र या मुलांनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावी अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे धनुष्याची पकड.

अंशाच्या दहाव्या भागाचा हिशेब

कंपाउंड प्रकारात लक्ष्य 50 मीटरवर असते. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ 8 सेंटिमीटर, आणि त्यापुढचे प्रत्येक वलय 4 सेंटिमीटर रुंद. बाण सुटताना त्याची दिशा एका अंशाच्या दहाव्या भागाने जरी बदलली, तरी 50 मीटरवर तो सुमारे 9 सेंटिमीटर बाजूला जातो. थोडक्यात, बरोबर मध्यावर जाणारा बाण आठवर जाऊन बसतो. वर सांगितलेली अंतिम लढत एका गुणाने सुटली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन गुणांचे मोल कळते.

दिशेतील हा फरक बहुतेक वेळा धनुष्य धरणाऱ्या हातामुळे पडतो. उजव्या हाताचा धनुर्धर धनुष्य डाव्या हातात धरतो. त्याने मूठ आवळली की मनगट नकळत पिळले जाते आणि धनुष्य उभ्या अक्षाभोवती किंचित वळते. प्रत्यंचा ताणलेली असेपर्यंत हा पीळ दिसत नाही. प्रत्यंचा सुटताच धनुष्य मोकळे होते आणि पिळाच्या उलट बाजूला झटका घेते. तेवढ्या वेळात बाण प्रत्यंचेवरच असतो; तो त्या झटक्यासह बाहेर पडतो. प्रत्यंचा सुटण्यापासून बाण निघण्यापर्यंतचा काळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी आहे. चूक सुधारायला तेवढ्यात कोणालाच सवड मिळत नाही. म्हणून हात आधीपासूनच सैल हवा.

तळहाताची नेमकी जागा

क्रिकेटची बॅट किंवा गोल्फची काठी हातातून निसटू नये म्हणून बोटांनी धरावीच लागते. धनुष्याचे तसे नाही. प्रत्यंचा मागे ओढली की धनुष्य आपोआप तळहातावर दाबले जाते. त्याला केवळ टेकायला जागा हवी असते.

ही जागा कोणती? तळहातावरील आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला, अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे, तिथे धनुष्याचा भार यावा. करंगळीखालचा तळहाताचा भाग मुठीला चिकटू नये. ही ठेवण साधण्याची युक्ती सोपी आहे. वाहतूक पोलीस गाडी थांबवताना करतो तसा हात समोर धरावा आणि मग बोटांच्या पेरांची रेषा जमिनीशी साधारण 45 अंशांचा कोन करील इतका पंजा बाहेरच्या बाजूस कलता करावा. असे केल्याने कोपरही प्रत्यंचेच्या मार्गातून बाजूला होते आणि हातावर प्रत्यंचेचा फटका बसत नाही. अंगठा लक्ष्याच्या दिशेने सैल, बोटे किंचित वळलेली. ताठ पसरलेली बोटेही नकोत. त्यांनीही मनगटात ताण येतो.

कंपाउंड धनुष्याच्या रचनेमुळे हे अधिक सुलभ होते. स्पर्धेत 60 पाउंडांपर्यंतचे धनुष्य चालते. मात्र त्याच्या टोकांच्या चाकांमुळे पूर्ण ताणलेल्या स्थितीत हा भार एकदम उतरतो. ही घट 80 टक्के धरली, तर साठऐवजी बारा पाउंडच पेलावे लागतात. भार हलका होताच हात ढिला सोडणे शक्य होते. नेमबाजी त्याच स्थितीत होते.

धनुष्य पडले तर?

लाखांच्या घरात किंमत असलेले धनुष्य हातातून पडेल, ही भीती नवशिक्याला मूठ आवळायला लावते. बाण सुटण्याच्या क्षणी तो धनुष्य झपकन पकडतो, आणि काही दिवसांनी क्षणभर आधीच पकडू लागतो. त्यावरचा उपाय स्वस्त आहे. अंगठा आणि तर्जनी यांत अडकवायची दोरी किंवा मनगटाचा पट्टा, म्हणजेच स्लिंग, धनुष्याला सावरून धरते. बाण सुटल्यावर धनुष्य पुढे झेपावले आणि स्लिंगमध्ये झुलले, तर पकड योग्य आहे असे समजावे.

सरावासाठी चार-पाच मीटरवर, टार्गेटचा कागद नसलेल्या गवती लक्ष्यावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली डोळे मिटून बाण सोडले जातात. गुणांची चिंता नसल्याने सारे ध्यान हातावर राहते. मुठीवर आणि तळहातावर पेनाने खूण करून ठेवली, तर प्रत्येक वेळी हात त्याच जागी बसतो का, तेही कळते. मलकापूर-खामगावकडच्या उन्हाळ्यात तळहात घामेजतो आणि हात मुठीवरून सरकतो. काही खेळाडू त्यासाठी मुठीला टेप गुंडाळतात. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. बाण न लावता ताणलेली प्रत्यंचा कधीही सोडू नये. बाणाला मिळायची ती सारी ऊर्जा धनुष्यातच राहते. त्यामुळे धनुष्य मोडू शकते आणि धनुर्धराला इजाही होऊ शकते.

पकड प्रत्येकाच्या हाताच्या मापानुसार थोडी वेगळी असणारच. ती आरामदायी असावी आणि शंभराव्या बाणालाही पहिल्या बाणासारखीच असावी, एवढे दोन निकष पुरेत. बांबूच्या धनुष्यावर 'इंडियन राउंड' खेळणाऱ्या मुलांनाही ते लागू पडतात, आणि सवय लावायची ती याच वयात. पुढे ती मोडताना महिने जातात. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा प्रथमच समावेश होत आहे. पालकांनी महागड्या धनुष्याची चौकशी करण्यापूर्वी आपल्या मुलाची मूठ सैल आहे का, हे जरूर पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत.