रिकाम्या चढायांचे गणित

कबड्डीच्या गुणफलकावर आकडे कमी दिसले की सामना रटाळ झाला असावा, हा समज दूरचित्रवाणीवरील ठळक क्षणचित्रांनी रूढ केला असला, तरी ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात, जिथे चरईतील मावळी मंडळाच्या राज्यस्तरीय स्पर्धेसारख्या स्पर्धांनी प्रेक्षकांची नजर घडवली आहे, तिथल्या जाणकाराला तो मान्य होणे कठीण आहे. बेसबॉलमध्ये १-० असा निकाल लागला की श्रेय चेंडू फेकणाऱ्याला मिळते. कबड्डीत मात्र तसा सामना घडवणारा बचावपटू बहुधा अनामिकच राहतो.

गुण कमी होण्याचे मूळ रिकाम्या चढाईत आहे. चढाई करणाऱ्याला ३० सेकंदांत दम न सोडता प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जाऊन परतायचे असते, आणि त्याने मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदानरेषा ओलांडली, पण कोणाला बाद केले नाही व स्वतःही पकडला गेला नाही, तर ती चढाई रिकामी धरली जाते. बचावात सहा किंवा अधिक खेळाडू असतील तरच निदानरेषेच्या एक मीटर पुढची बोनस रेषा ओलांडून गुण मिळवता येतो, त्यामुळे माणसे कमी झाली की तीही वाट बंद होते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवणे बंधनकारक असते, नाहीतर चढाईपटूच बाद होतो आणि गुण बचावाला मिळतो. म्हणून चिवट संघ पहिल्या दोन चढायांत उगाच झेप घेत नाही. तो तिसरीची वाट पाहतो. त्यात भर म्हणजे मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना झालेली पकड ‘अव्वल पकड’ ठरून दोन गुण देते, त्यामुळे खिळखिळा झालेला संघच पुष्कळदा अधिक घातक असतो.

या गणिताचा उत्तम नमुना म्हणजे १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत झालेला प्रो कबड्डीच्या दहाव्या पर्वाचा अंतिम सामना, ज्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. मध्यंतराला पुणे १३-१० असे पुढे होते, आणि त्या तेरांपैकी चार गुण पंकज मोहितेच्या एकाच चढाईतून आले होते. उत्तरार्धाच्या आरंभीच पुण्याने लोण चढवला, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद केला; त्याबद्दल मिळणारे दोन जादा गुण तीन गुणांच्या अंतिम फरकाशेजारी ठेवले की त्यांचे वजन कळते.

अशा सामन्याचा खरा रंगमंच म्हणजे कोपरा. डावा कोपरारक्षक गुडघ्यात वाकून, शेजाऱ्याचा हात धरून साखळीत उभा असतो, त्याची नजर चढाईपटूच्या चेहऱ्यावर नव्हे तर पावलावर असते, आणि ते पाऊल बोनससाठी लांबले की साखळी सोडून तो थेट घोट्यावर झेपावतो. झेप क्षणभर लवकर पडली तर तो स्वतः बाद होतो, क्षणभर उशिरा पडली तर हाती मातीच येते (आता माती कुठली, मॅट!). कल्याणचा गिरीश इरनाक याच जागेवरचा खेळाडू. मुंबईला चिकटलेल्या या पट्ट्याने महाराष्ट्राच्या दोन संघांच्या लढतीत यू मुंबाची बाजू घ्यावी हे स्वाभाविक असले, तरी इरनाक पुण्याकडूनही खेळला आणि मुंबईकडूनही. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी सहाव्या पर्वात पुणेरी पलटण आणि यू मुंबा यांची लढत चेन्नईत ३२-३२ अशी बरोबरीत सुटली, तेव्हा पुण्याचे नेतृत्व या कल्याणकराकडेच होते.