पाण्यांतील तेलाचा पहारेकरी

ता. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराजवळ दोन मालवाहू जहाजांची टक्कर होऊन सुमारें ८०० टन तेल समुद्रांत सांडलें; कांठच्या तिवरांवर त्याचा काळा थर बसला. एवढें तेल डोळ्यांस दिसतें. परंतु एखाद्या नळाच्या बारीक भोकांतून रात्रंदिवस झिरपणारें तेल कोणास दिसणार? त्यावर पहारा ठेवण्याची एक युक्ति आम्ही येथें सांगूं इच्छितों.

प्रथम विद्यार्थ्यांनीं शिक्षकांसमक्ष, विस्तवापासून दूर, एक साधा प्रयोग करावा. सायकलीच्या जुन्या ट्यूबचे दोन सारखे तुकडे घेऊन एक पाण्यांत व दुसरा रॉकेलांत दिवसभर ठेवावा. पाण्यांतला होता तसाच राहील, रॉकेलांतला फुगेल. रबर व खनिज तेल हीं दोन्ही मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांचींच बनलेलीं असल्यामुळें तेल रबरांत सहज शिरतें; पाणी शिरत नाहीं.

शुद्ध रबर विजेच्या प्रवाहास वाट देत नाहीं. त्यांत थोडी बारीक काजळी कालविली, तरी विशेष फरक पडत नाहीं. परंतु काजळीचें प्रमाण एका मर्यादेस पोहोंचतांच तिचे कण एकमेकांस भिडून सलग सांखळ्या होतात, आणि प्रवाहास होणारा विरोध एकाएकीं हजारों पटींनीं उतरतो. पटांगणावर मुलें विरळ उभीं असलीं तर हातांत हात पोहोंचत नाहीं. संख्या वाढली म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सांखळी जुळते, तसेंच हें आहे.

अशा रबराची पट्टी पाण्यांत सोडून तींतून मंद प्रवाह वाहता ठेवितात. तेल आलें कीं पट्टी फुगते, काजळीचे कण दूर सरतात, सांखळ्या तुटतात व विरोध वाढतो. त्या वाढीसरशी घंटा वाजावी, अशी योजना करतां येते. पेट्रोलासारखें हलकें तेल उडून गेल्यावर पट्टी पुष्कळ अंशीं पूर्ववत् होते.

या पहारेकऱ्यास उणिवाही आहेत. दाट तेल पट्टींत सावकाश शिरतें, म्हणून इशारा उशिरां मिळतो. शिवाय उष्णतेनेंही विरोध बदलतो; यासाठीं तेल न पोहोंचेल अशी दुसरी पट्टी शेजारीं ठेवून दोहोंची तुलना करणें इष्ट होय.

तेलानें रबर फुगणें हा यंत्रांत दोषच मानला जातो. तोच दोष नीट समजून घेतल्यानें येथें उपयोगी पडला. सांडलेलें तेल समुद्रांतून गोळा करणें महाकठीण. परंतु गळती आरंभींच कळली, तर पुढचें तेल तरी पाण्यांत जाण्याचें टळतें.