वादळ कोलकात्यात ओसरतं, दार्जिलिंगात कोसळतं

बंगालच्या उपसागरातलं वादळ किनाऱ्याला धडकलं की कोलकात्यात दोन दिवस दुसरा विषय नसतो. मग आलीपूरच्या हवामान कार्यालयाकडून खबर येते की वादळाचा जोर ओसरला, आता ते उत्तरेकडे सरकतंय. शहर सुटकेचा निःश्वास टाकतं. दुर्गापूजेची सुट्टी आणि वादळांचा दुसरा हंगाम एकाच सुमारास येत असल्याने अनेक घरांत दार्जिलिंगच्या बॅगा भरलेल्याच असतात. दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचंही तेच. म्हणून काही समजुती तपासून घेणं फार गरजेचं आहे.

पहिली आणि सगळ्यात घातक समजूत म्हणजे, वादळ कमजोर झालं म्हणजे धोका टळला. वादळाची प्रतवारी फक्त वाऱ्याच्या वेगावर ठरते. वारा ताशी ६२ किलोमीटरवर गेला की चक्रीवादळ, ५० ते ६१ असला तर डीप डिप्रेशन, ३१ ते ४९ असला तर डिप्रेशन. या मोजमापात पावसाचा हिशेब कुठेच नाही. जमिनीवर आल्यावर समुद्राचा बाष्पपुरवठा तुटतो, जमिनीशी घर्षण वाढतं आणि वारा पडतो, हे खरं. पण आधीच वर चढलेलं प्रचंड बाष्प लगेच नाहीसं होत नाही. २५ मे २००९ ला 'आयला' सागर बेटाजवळ किनाऱ्यावर आलं आणि कोलकात्यात झाडं उन्मळून पडली. दुसऱ्या दिवशी ते माल्दाच्या परिसरात क्षीण होत असताना दार्जिलिंगच्या डोंगरात दरडी कोसळल्या आणि वीसहून अधिक माणसं गेली. तिथे जीव घेतला तो पावसाने.

'एवढा मोठा हिमालय आहे, तो वादळ अडवेलच' असंही ऐकू येतं. अडवतो, पण त्याचा फायदा पलीकडच्या तिबेटला. दक्षिण उतारावरच्या गावांसाठी हे अडवणंच संकट ठरतं. घाटमाथ्यावर पाऊस का कोसळतो हे कोकणातल्या माणसाला समजवायला नको. इथे तोच प्रकार कितीतरी मोठ्या उंचीवर घडतो. सिलिगुडी समुद्रसपाटीपासून सव्वाशे मीटरच्या आसपास, दार्जिलिंग दोन हजारांच्या वर, आणि मधलं सरळ अंतर जेमतेम ४० किलोमीटर. राजमहालचे डोंगर आणि मेघालयाचं पठार यांच्यामधल्या मोकळ्या सपाटीवरून उपसागराचा वारा विनाअडथळा येतो आणि थेट या भिंतीवर चढतो. चढताना थंड होतो आणि जवळचं पाणी तिथेच ओततो.

त्यामुळे वादळाचं केंद्र डोंगरावर यायलाच हवं असं नाही. २०२५ चंच पाहा. २ ऑक्टोबरला, ऐन विजयादशमीला, एक डीप डिप्रेशन ओडिशात गोपालपूरजवळ किनाऱ्यावर आलं. पुढे त्याचे अवशेष छत्तीसगड, झारखंड, बिहार असे सरकत गेले. नकाशावर पाहणाऱ्याला वाटेल, दार्जिलिंगचा याच्याशी काय संबंध? पण आपल्या गोलार्धात कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. म्हणजे त्याच्या पूर्वेकडे दक्षिणेचा वारा वाहतो, समुद्राकडून डोंगराकडे. ४ तारखेच्या रात्री पावसाने मिरीक आणि आसपासचा भाग धुऊन काढला. बालासन नदीवरचा दुधियाचा लोखंडी पूल कोसळला, दार्जिलिंग जिल्ह्यात वीसवर बळी गेले, आणि पूजेच्या सुट्टीला गेलेले पर्यटक वरच अडकले. शेजारच्या नेपाळमधल्या इलाममध्येही मोठी प्राणहानी झाली.

अतिउंचावर वादळ पोचतच नाही, हाही भ्रम. १२ ऑक्टोबर २०१४ ला 'हुदहुद' विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी, तिथून सुमारे १,२०० किलोमीटरवर, नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीजवळ हिमवादळ झालं आणि चाळीसहून अधिक गिर्यारोहक, वाटाडे, गावकरी मृत्युमुखी पडले. ऑक्टोबरात पश्चिमेकडून येणारा झंझावात अशा अवशेषांना हिमालयात खेचून घेतो आणि वरच्या थंडीत त्याच बाष्पाचं बर्फ होतं. स्वच्छ आकाशाचा महिना म्हणून संदकफूच्या ट्रेकला निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

डोंगरातल्या प्रत्येक पुराला ढगफुटी म्हणायची सवयही सोडायला हवी. वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तरच ती ढगफुटी. ४ ऑक्टोबर २०२३ चा तीस्ता नदीचा पूर आला तो सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं सरोवर फुटल्यामुळे.

उरला पाऊस थांबल्यावर निघायचा प्रश्न. पावसाळ्याअखेर माती आधीच पाण्याने तुडुंब भरलेली असते. नव्या पावसाचं पाणी मुरत खोल जातं, मातीच्या कणांमधला दाब वाढवतं आणि उताराची पकड सैल करतं. याला काही तास लागतात, म्हणून ऊन पडल्यावरही दरड येते. १९६८ च्या ऑक्टोबरात तीन-चार दिवसांच्या पावसानंतर दार्जिलिंगचा साठेक किलोमीटरचा घाटरस्ता ९२ ठिकाणी तुटला, तीस्तेवरचा अँडरसन पूल वाहून गेला आणि खाली जलपाईगुडी शहर बुडालं.

आलीपूरच्या बुलेटिनमध्ये उत्तर बंगालच्या जिल्ह्यांचा अंदाज वेगळा दिलेला असतो. कोलकात्याचा इशारा उतरल्यावर तोच वाचायचा, आणि वादळ किनाऱ्यावर आल्यापासून पुढचे तीन दिवस तरी वाचत राहायचं. वाऱ्याचा आकडा सोडून पावसाचा पाहावा: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. दार्जिलिंग, कालिम्पाँगसाठी शेवटच्या दोन्हींपैकी कुठलाही इशारा असेल तर वरचं बुकिंग बुडू द्यावं आणि सिलिगुडीतच मुक्काम करावा.