मिरजेचा तंबोरा घेताना: आधी गळा, मग वाद्य

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात बऱ्याच घरांतली मुले-मुली शास्त्रीय गाणे शिकत आहेत. विशारदपर्यंत पोहोचली की घरात तंबोऱ्याचा विषय निघतोच. मोबाइलवरचा तंबोरा रोजच्या रियाजाला चालतो, पण कान तयार व्हायचा तर लाकूड आणि तार हवी, हे कोणताही गुरुजी सांगेल. हा खर्च एकदाच होतो, म्हणून चार गोष्टी लिहितो.

बँडमधला ट्रंपेट ठरलेल्या पट्टीत तयार मिळतो. वाजवणारा फार तर तोंडाला लावायचा भाग बदलतो. तंबोऱ्याचे उलटे आहे. तो गाणाऱ्याच्या षड्जासाठी घडवतात. पुरुषांचा षड्ज साधारणपणे काळी एक, पांढरी दोनच्या आसपास, तर स्त्रियांचा काळी चार, काळी पाचच्या आसपास असतो. म्हणून मर्दानी तंबोरा लांब, मोठ्या भोपळ्याचा आणि जनानी आखूड. काळी चारचा तंबोरा काळी एकवर उतरवला तर तारा ढिल्या पडून नाद मरतो. मर्दानी तंबोरा फार वर चढवला तर तार तुटते, दांडीवर ताण येतो. तारांची जाडी बदलून एखाद-दुसऱ्या स्वराचा फरक निभावता येतो, त्यापुढे नाही. दुकानात दिसायला सुंदर म्हणून घेतलेल्या तंबोऱ्याच्या पट्टीत मुलगी ओढून-ताणून गाऊ लागली, तर बिघडतो तो गळा.

यावरून एक गोष्ट ओघाने येते. मुलाचा आवाज फुटायचा असेल तर मागणी नोंदवू नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची आजची पट्टी दोन वर्षांनी राहत नाही. आवाज स्थिरावला, गुरुजींनी पट्टी ठरवून दिली, की मगच मिरजेचा रस्ता धरावा.

मिरजच का? एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि त्यांच्यापासून सतारमेकरांची परंपरा सुरू झाली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले होते. 1937 साली ते वारले, त्यांची कबर तिथल्या दर्ग्याच्या आवारात आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. भाजीचा नव्हे, हा कडू, जाड सालीचा भोपळा. तो वाळवून कापतात.

आता खरी मेख जवारीची. घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित गोलाई देऊन घासलेला असतो. तार त्याला निसटता स्पर्श करते आणि खाली सरकवलेल्या दोऱ्याने तो स्पर्श नेमका जागेवर येतो. मग एकाच तारेतून अनेक स्वर झंकारतात. चांगल्या लागलेल्या खर्जातून गंधार स्पष्ट ऐकू येतो. कुणाला खुली, झणझणीत जवारी आवडते, कुणाला बंद, गोलसर. ही आवड गाणाऱ्याची, वडिलांची नव्हे. म्हणून ज्याला गायचे आहे त्याला सोबत न्या, मांडीवर घेऊन बसवा, हात भोपळ्यावरून सहज तारांपर्यंत जातो का पाहा, आणि अर्धा तास गाऊ द्या. तारा पंचमावर लावून ऐका, मग पहिली तार मध्यमावर उतरवूनही ऐका. मालकंस गायचा झाला तर पंचम चालणार नाही. खुंटी फिरवली की ती जागेवर थांबते ना, हेही त्याच वेळी कळते.

आगाऊ रक्कम देताना पावतीवर पट्टी, लाकूड, घोडीचे साहित्य आणि देण्याची तारीख लिहून घ्यावी. बँकेतली सवय म्हणा, पण तोंडी व्यवहारात काळी चारची काळी पाच व्हायला वेळ लागत नाही.

नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट मिरजेला जाते. येताना तारा उतरवून, कडक पेटीतच वाद्य आणावे; भोपळा एका धक्क्याने तडकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, कोरड्या हवेत सांधे उघडतात. पण म्हणून तंबोरा कूलरसमोर ठेवू नये, त्या ओलीने जवारीच बदलते. आतल्या खोलीत, भिंतीपासून थोडा दूर, गवसणी घालून ठेवावा. वापराने घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. त्यासाठी वाद्य जाणत्या कारागिराकडे न्यावे लागेल, तो खर्चही आधीच धरावा.