ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी पॉवर सप्लाय बघा!



घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ एडिटिंगची कामं घेताय आणि रेंडरिंगला तासन्‌तास लागतायत? मग नवीन ग्राफिक्स कार्डाचा विचार मनात येणारच. पण थांबा. आधी कॅबिनेट उघडा आणि पॉवर सप्लायवरचं, म्हणजेच एसएमपीएसवरचं, लेबल वाचा.

हिशोब सोपा आहे. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापेक्षा जास्त लागलं तर वेगळी वायर जोडावी लागते: ६ पिनची ७५ वॅट देते, ८ पिनची १५०. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅट खातं आणि त्यासाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. तुमचा सप्लाय कमी पडला, तर भार वाढला की पीसी बंद! तोही नेमका ग्राहकाचं काम रेंडर होत असताना.

म्हणून बजेट दोन्हींचं एकत्र धरा. खरेदीआधी चार गोष्टी तपासा:

१. तुमचं सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्ड वापरतं का?
२. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का?
३. '८० प्लस' म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याची खूण. वॅट वेगळे बघा.
४. नवीन सप्लायला जुन्या सप्लायच्या वायरी लावू नका. प्लग सारखा दिसला तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, कार्ड जळेल.

जीएसटी नोंदणी असेल तर बिल धंद्याच्या नावानेच घ्या.

लक्षात ठेवा, ग्राहक तुमचं कार्ड बघत नाही. काम वेळेवर मिळालं का, एवढंच बघतो!